साधी, थोर आणि महाथोर

एका जंगलात, आणि कुठल्या ते विचारू नका, नाव सांगितलं तर पुढच्या महिन्यात तिथे रिसॉर्ट उभं राहील, तर एका जंगलात एक सुतारपक्षी राहत होता. त्याला सगळे तात्या म्हणत.

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. गोष्ट फार मोठी नाही, पण मध्येच कुणी पाणी प्यायला उठलेलं मला खपत नाही. ज्याला तहान असेल त्याने आत्ताच जाऊन यावं.

आलात? बरं.

या तात्याने एक पेटी बनवली. खेळाची पेटी. पांगाऱ्याचं वाळकं खोड घेतलं, आतून कोरून काढलं आणि पुढच्या अंगाला बारा भोकं पाडली. प्रत्येक भोकामागे एक काजवा बसवला. काजवे आळीपाळीने पेटले-विझले की पेटीवर एक बेडूक दिसायचा. मागचे पाय, पोट, पुढचे पाय, तोंड, दोन डोळे, सगळा बेडूक. खाली दोन दांड्या होत्या. उजवी दाबली की बेडूक पुढे, डावी दाबली की मागे. त्याने ओढा ओलांडायचा आणि पलीकडे उभ्या असलेल्या बगळ्याच्या तोंडात जायचं नाही. एवढाच खेळ.

तुम्ही हसताय. तुमच्या घरी काय आहे ते मला माहीत आहे. पण त्या जंगलात तोवर खेळ म्हणजे चिंचोके होते, त्यामुळे सगळं जंगल तात्याच्या झाडाखाली जमलं. गवे आले, खारी आल्या. घोरपड आली आणि दोन दिवस हललीच नाही.

त्या जंगलाची एक जुनी रीत होती. एकट्याने कुणी खेळायचं नाही. तात्याला रीत माहीत होती, म्हणून त्याने पेटीच्या कडेला एक जास्तीचं भोक ठेवलं होतं. त्यात गुळवेलीचं एक टोक घालायचं, दुसरं टोक मित्राच्या पेटीत. मग तुझा बेडूक उडी मारून माझ्या पेटीत यायचा, माझा तुझ्या पेटीत जायचा आणि दोघांनी मिळून बगळ्याला चुकवायचं. एकाचा बेडूक बुडाला की दोघं हरले.

तात्या म्हणाला, पावसाळ्याच्या आत घरटी एक पेटी करून देतो, वीस आवळे द्या. त्या जंगलात आवळ्यांवर व्यवहार चालायचा. वीस आवळे कुणालाही जड नव्हते. सगळे हो म्हणाले.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण त्याच दुपारी टकाचोर आला.

टकाचोर हे एका पक्ष्याचं खरंखुरं नाव आहे. मी ठेवलेलं नाही, उगाच माझ्याकडे बघू नका. तर हा टकाचोर दोन वर्षं शेजारच्या जंगलात राहून आला होता. तिथे त्याने काय केलं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण परत आल्यापासून तो बोलताना एक पंख हवेत फिरवायचा, त्यामुळे सगळे त्याला टकाचोरसाहेब म्हणू लागले होते.

त्याने तात्याला विचारलं, वीस आवळे द्यायला किती जण तयार आहेत. तात्या म्हणाला, सगळेच. खुशीने तयार आहेत का? तात्या म्हणाला, नाचतायत.

टकाचोराने कपाळाला पंख लावला. तो म्हणाला, अरे वेड्या, वीस आवळ्यांना जो नाचतो तो दोनशेला निदान हसला तरी असता. त्याने तात्याला समजावलं की गिऱ्हाइकाला पेटी नको असते. त्याला शेजाऱ्यापेक्षा बरी पेटी हवी असते. आणि सगळ्यांची पेटी सारखीच असली तर बिचाऱ्याने शेजाऱ्यापेक्षा बरं व्हायचं कसं? तेव्हा पेट्या तीन हव्यात. साधी, वीस आवळे. थोर, साठ आवळे. महाथोर, दोनशे आवळे.

तात्या म्हणाला, मला एकच पेटी करता येते.

यात खोटं काही नव्हतं. तात्याला त्याच्या वडिलांनी बारा टोच्यांचा ठेका शिकवला होता आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी. चार भोकांवर थांबायचं म्हटलं तरी त्याची मान थांबायची नाही. टकाचोराने त्याला तीनदा करून बघायला लावलं. चौथ्या भोकाला तो ओरडायचा, बस, आणि तात्या डोळे मिटून पुढची आठ पाडूनच थांबायचा. तीन खोडं वाया गेली. तात्याची मान दुखायला लागली ती वेगळीच.

मग टकाचोराला युक्ती सुचली. भोकं बारा असू देत, काजवेही बारा असू देत. साध्या पेटीतले आठ काजवे झाकून टाकायचे, थोर पेटीतले चार. महाथोर तशीच ठेवायची, वर फक्त मोराच्या पिसांचा तुरा लावायचा.

झाकायचं कशाने हा प्रश्न आला. मेण लावलं तर ते वितळलं. चिखल गळून पडला. शेवटी टकाचोराला वाटेवर सायाळीचा एक काटा पडलेला सापडला. सायाळ म्हणजे साळिंदर, अंगभर लांब काटे असतात ती. तो काटा पेटीच्या बुडातून आत सरकवला की बरोबर काजव्याच्या पुढ्यात आडवा बसायचा. मग बुडाला माती लिंपून टाकायची, म्हणजे कुणाला काही दिसत नाही.

तात्याने हिशोब केला आणि त्याला घाम फुटला. त्याने विचारलं, म्हणजे महाथोर पेटी एका दिवसात होणार, आणि साध्या पेटीला दीड दिवस लागणार?

"अर्थात," टकाचोर म्हणाला. "वाईट वस्तू करायला मेहनत लागतेच."

काजव्यांचाही घोळ झाला. काट्यामागे बसवलेले काजवे म्हणाले, आम्ही पेटायचं आणि कुणी बघायचंही नाही, हा आमचा अपमान आहे, आम्हाला दुप्पट मध पाहिजे. तो द्यावा लागला. त्याबरोबर जंगलातल्या सगळ्या चांगल्या काजव्यांनी साध्या पेटीत काट्यामागची जागा मिळावी म्हणून वशिले लावायला सुरुवात केली. महाथोर पेटीत उरले ते ज्यांचा कुणी मामा-काका नव्हता ते.

पहिली महाथोर पेटी घेतली बिबट्याने. त्याला तोंडावर सगळे बिबटेराव म्हणत. बिबटेरावांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट सर्वांत भारी असल्याशिवाय घेतली नव्हती. पाणीसुद्धा ते डोहाच्या वरच्या अंगालाच पीत. दुसरी महाथोर वानरांच्या टोळीचे प्रमुख बजाबा यांनी घेतली, आणि मुलीसाठी आणखी एक. बजाबांना खेळता येत नव्हतं, पण ते तुरा लावलेली पेटी डोक्यावर घेऊन ओढ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. न्यायनिवाडा करणाऱ्या अस्वलआजोबांनीही घेतली. त्यांना जवळचं दिसत नव्हतं. ते पेटीला कान लावून बसत आणि म्हणत, वा.

मधल्यांनी थोर घेतली. ससे, खारी, मुंगूस आणि सगुणाबाई सायाळ यांनी साधी घेतली.

आता या सगुणाबाईंकडे लक्ष द्या. गोष्ट त्यांची आहे. मी इतका वेळ टकाचोराबद्दलच बोलत बसलो, कारण अशा लोकांबद्दल बोलायला लागलं की थांबता येत नाही.

सगुणाबाई त्या जंगलातली एकुलती एक मोठी सायाळ. नवरा नव्हता. एक मुलगी होती, बकुळी. तिचे काटे अजून मऊ होते, गवतासारखे. म्हणजे घरात खरे काटे ते सगुणाबाईंच्याच पाठीवर. बिबटेराव ओढ्याकाठी राहायचे आणि सायाळीचं मांस कसं लागतं याची त्यांना फार दिवसांपासून उत्सुकता होती. पण सगुणाबाई काटे फुलवून वाटेने निघाल्या की ते बाजूला व्हायचे आणि पानं बघायला लागायचे. काटे होते म्हणून आई होती, आई होती म्हणून बकुळी होती. हे पक्कं डोक्यात ठेवा.

बकुळीची साधी पेटी आली. चार काजवे. त्यात बेडकाच्या फक्त मागच्या दोन तंगड्या दिसायच्या. पोट नाही, तोंड नाही, डोळे नाहीत. तरी बकुळी खूश होती. ती गुळवेल घेऊन पळत पळत बजाबांच्या मुलीकडे, शेवंतीकडे गेली. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी.

वेल जोडली. शेवंतीचा अख्खा बेडूक ऐटीत बकुळीच्या पेटीत उतरला आणि उतरल्याबरोबर त्याच्या तंगड्याच उरल्या. तंगड्यांना ओढा दिसेना. दिसणार कसा, डोळेच नव्हते. त्या सरळ चालत बगळ्याच्या तोंडात गेल्या. दोघी हरल्या. परत खेळल्या, परत हरल्या. अकराव्यांदा हरल्यावर शेवंतीने वेल काढून घेतली. ती वाईट मुलगी नव्हती. ती म्हणाली, बकुळे, तू बघत बस ना, बघायलाही मजा येते.

दुसऱ्या दिवशी शेवंतीची वेल दुसऱ्या कुणाच्या तरी महाथोर पेटीला जोडलेली होती. तिसऱ्या दिवशी मुलांनी बकुळीला तंगडी म्हणायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी ती घराबाहेर पडली नाही. आईने विचारलं तर म्हणाली, पोट दुखतंय.

कुणाचं असं पोट दुखलंय का कधी इथे? बोलू नका, मला माहीत आहे.

त्याच सुमारास टकाचोर सगुणाबाईंच्या दारात आला. साध्या पेट्यांना मागणी वाढली होती आणि वाटेवर पडलेले काटे पुरेनासे झाले होते. ते कशाला हवेत ते त्याने सांगितलं नाही. म्हणाला, बाई, एका काट्याला दोन आवळे देतो. सगुणाबाईंनी मनात आकडा मांडला. शंभर काटे म्हणजे एक महाथोर पेटी.

त्यांनी पहिल्या दिवशी दहा काटे उपटून दिले, शेपटीजवळचे, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. दुखलं. मग वीस दिले. मग पाठीचे द्यावे लागले. बकुळी म्हणाली, आई, तू अशी का दिसतेस? सगुणाबाई म्हणाल्या, उन्हाळा आहे, हलकं बरं वाटतं. बाहेर जाताना त्या अंगावर पळसाची पानं पांघरून जाऊ लागल्या. आत पाठीची नुसती आग आग व्हायची.

बिबटेरावांनी त्यांना एकदा वाटेत पाहिलं. पानं वाऱ्याने उडाली होती. बिबटेरावांना दिसलं की खाली काहीच नाही, नुसती गुलाबी पाठ आहे. पण त्या वेळी त्यांचा बेडूक ओढ्याच्या मधोमध होता आणि दांडी सोडता येत नव्हती. म्हणून त्यांनी ते काम पुढच्या आठवड्यावर टाकलं.

शंभरावा काटा दिला त्या दिवशी सगुणाबाई दोनशे आवळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन टकाचोराने थाटलेल्या पेट्यांच्या दुकानात गेल्या. टकाचोराने खेदाने मान हलवली. महाथोर आता दोनशे चाळीसला झाली होती. तुऱ्याचं पीस वाढवलं होतं. तो म्हणाला, वीस काटे आणखी आणा की, तुम्हाला काय कमी आहे? मग त्याने त्यांच्या पाठीकडे पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सगुणाबाई घरी आल्या. कोपऱ्यात बकुळी साधी पेटी मांडीवर घेऊन एकटीच तंगड्यांना ओढ्यात बुडवत बसली होती. सगुणाबाईंना इतका संताप आला की त्यांनी पेटी उचलली आणि दाणकन खाली आपटली.

पेटी काही फुटली नाही. तात्याचं काम होतं ते. पण बुडाची माती तेवढी निखळली आणि आतून एका काट्याचं टोक बाहेर आलं.

मुलांनो, तुमचा पडलेला दात शंभर दातांत ठेवला तरी तुम्ही ओळखाल की नाही? तसा सगुणाबाईंनी काटा ओळखला. मधे काळा पट्टा, टोकाला जरासा वाकडा. मागच्या पावसाळ्यात पायवाटेवर पडलेला. त्यांचा.

त्यांनी तो ओढून काढला. आतून एका गलेलठ्ठ काजव्याने डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, सुट्टी झाली का? त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला. आठ काढले. बकुळीच्या पेटीत पोट आलं, पुढचे पाय आले, तोंड आलं, मग एक डोळा आणि मग दुसरा. दुप्पट मध खाऊन माजलेले काजवे होते ते. असला लखलखीत बेडूक बिबटेरावांच्या पेटीतही कधी दिसला नव्हता.

 बकुळीने आईच्या उघड्या पाठीवरून हळूच पंजा फिरवला. "आई," ती म्हणाली, "म्हणजे तुझेच काटे काढून..."  सगुणाबाई म्हणाल्या, जा, शेवंतीकडे जा, वेल घेऊन जा.

त्या सकाळी दोघी मैत्रिणी जेवणाची वेळ होईपर्यंत खेळल्या. बगळा उपाशी राहिला. सगुणाबाई लांब झाडाआड उभं राहून बघत होत्या आणि त्यांना रडूही येत होतं आणि हसूही येत होतं.

एवढ्यात बजाबा डोक्यावर पेटी घेऊन तिथून चालले होते. त्यांनी बकुळीच्या पेटीतला बेडूक पाहिला. त्यांनी डोळे मोजले. दोन होते. तुरा पाहिला. तुरा नव्हता. बजाबा तिथूनच ओरडत अस्वलआजोबांकडे गेले.

तासाभरात सगळं जंगल वडाखाली जमलं. तात्याला बोलावलं, टकाचोराला बोलावलं, पेटी मधोमध ठेवली. बुडातून काटे निघाले हे सगळ्यांना दाखवण्यात आलं. महाथोरवाल्यांना कळलं की त्यांची पेटी आणि साधी पेटी एकच आहे. त्यांचे चेहरे लाल झाले.

आता तुम्हाला वाटेल, त्यांनी टकाचोराची पिसं उपटली असतील. मलाही लहानपणी असंच वाटायचं.

ते सगळे सगुणाबाईंवर तुटून पडले. बिबटेराव म्हणाले, आम्ही दोनशे आवळे मोजले ते काय बेडूक बघायला? बेडूक ओढ्यावर फुकट दिसतो. आम्ही मोजले ते यांना तो दिसू नये म्हणून. आणि या बाईंनी वीस आवळ्यांत तो बघितला. हा आमच्यावर दरोडा आहे. बजाबा म्हणाले, माझ्या मुलीच्या पेटीत ओळखपाळख नसलेल्या डोळ्यांचा बेडूक शिरला. थोरवाले म्हणाले, आमच्या बेडकाला अजून तोंड नाही आणि साधीवाल्यांना डोळे, मग आम्ही काय पाप केलं?

तात्या पुटपुटला की काटे काढले तर सगळ्यांनाच सगळं दिसेल. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

अस्वलआजोबांनी पेटीला कान लावला, वा म्हणाले आणि निकाल दिला. एक वस्तू तीन भावांत विकणं हा धंदा आहे, पण महाग वस्तू स्वस्तात सापडणं ही चोरी आहे. काटे एकदा विकले की ते दुकानाचे, वाटेवर पडलेले तर ज्याने उचलले त्याचे. सगुणाबाईंनी आठही काटे परत पेटीत घालावेत. आणि पेटी आपटल्याबद्दल पेटीची माफी मागावी.

सगुणाबाईंनी माफी मागितली. पेटीने काही उत्तर दिलं नाही.

त्या काटे उचलायला वाकल्या तशी अंगावरची पळसाची पानं गळून पडली. सगळ्यांना ती गुलाबी पाठ दिसली. बिबटेराव घसा खाकरून पुढे आले. त्यांनी अस्वलआजोबांना अदबीने विचारलं, निकाल झाला असेल तर मी यांना जेवायला नेऊ का? म्हणजे जेवणासाठी. आजोबांनी आठवून पाहिलं. सायाळ खाऊ नये असा काही नियम त्या जंगलात नव्हता. नियमाची कधी गरजच पडली नव्हती. ते म्हणाले, हरकत नाही.

 शेवंतीने बकुळीचा हात धरला.  तात्याने मान खाली घातली. सगुणाबाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं. पळायला जागा नव्हती. विनवणी करून बघावी असं त्यांच्या मनात आलं, पण विनवणीने बिबटेरावांची भूक कधी मेली नव्हती. मग त्यांची नजर बजाबांच्या डोक्यावरच्या तुऱ्यावर गेली आणि तिथेच थांबली.

त्या ताठ उभ्या राहिल्या.

"बिबटेराव," त्या म्हणाल्या, "मला खायला माझी काही ना नाही. पण नंतर म्हणाल सांगितलं नाही. मी आत्ता साधी आहे."

बिबटेराव थबकले. "साधी म्हणजे?"

"सायाळ तीन प्रकारांत येते. काटे नसलेली ती साधी. पन्नास काट्यांची थोर. अंगभर काटे असलेली ती महाथोर. तुम्ही साधी खाताय. खा बापडे. पोट काय, कशानेही भरतं."

ससे एकमेकांकडे बघू लागले. मुंगूस मागून कुजबुजलं की बिबटेराव साधी खातायत, परिस्थिती जरा बिकट दिसते. बजाबांनी फक्त भुवया उंचावल्या आणि डोक्यावरची पेटी सरळ केली.

बिबटेरावांच्या मिशा फुरफुरल्या. त्यांनी टकाचोराकडे पाहिलं. हे खरं आहे का, असं विचारलं. टकाचोराची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर सगळं दुकानच खोटं पडत होतं. शिवाय काटे दुकानाचे होते आणि समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याने एक पंख हवेत फिरवला आणि म्हणाला, बाईंचं बरोबर आहे, जाणकार लोक साधीला तोंड लावत नाहीत.

"महाथोर काढा," बिबटेराव म्हणाले.

टकाचोराने एका काट्याला सहा आवळे सांगितले. बिबटेरावांनी घासाघीस केली नाही, सगळे बघत होते. जंगलातल्या सगळ्या साध्या आणि थोर पेट्या वडाखाली आणल्या गेल्या. तात्याने एकेका पेटीचं बूड फोडलं आणि चोचीने एकूण एक काटा ओढून काढला. इतका वेग त्याच्या मानेला तरुणपणीही नव्हता. बकुळीने आणि शेवंतीने धावड्याचा डिंक आणला आणि एकेक काटा सगुणाबाईंच्या पाठीवर चिकटवला. डिंक सुकेपर्यंत बिबटेराव सावलीत बसून राहिले. मधे एकदा त्यांनी विचारलं, डोक्यावर तुरा नाही का येत? टकाचोराने तोही लावून दिला.

सगुणाबाईंनी अंग फुलवलं. असा आवाज झाला की घोरपड दोन पावलं मागे सरकली.

बिबटेराव उठले. त्यांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं, तोंड उघडलं आणि भला मोठा घास घेतला.

पुढचं मी सांगत नाही, तुमच्यात काही लहान आहेत. बिबटेराव जेव्हा मागे वळले तेव्हा त्यांच्या नाकात, ओठांत आणि जिभेवर मिळून एकवीस काटे होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सगळं जंगल त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. बजाबांनी विचारलं, काय, कशी आहे?

बिबटेरावांना बोलणं जमत नव्हतं. तरी ते बोलले.

"साधी खाल्ली असती," ते म्हणाले, "तर हे कळलंच नसतं."

आणि ते मान ताठ ठेवून, सरळ रेषेत, ओढ्याकडे चालत गेले. ते दिसेनासे झाल्यावर बराच वेळ पाण्यात काहीतरी बुडवल्याचा आवाज येत होता.

गर्दी मात्र हलेना. बजाबा टकाचोराच्या कानाशी लागून विचारत होते की पुढचा नंबर मिळेल का. आता वानरं पाला खातात, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. बजाबांनाही ते माहीत होतं. अस्वलआजोबांनी आपलं नाव त्यांच्याही आधी लिहायला सांगितलं. थोरवाल्यांनी दोघांत मिळून एक घास चालेल का, अशी चौकशी केली. टकाचोराने पान काढलं आणि यादी करायला बसला.

आपल्या सगळ्या पेट्यांतून आता अख्खा बेडूक दिसतोय, हे सशांना आणि खारींना संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. बुडाला तेवढी माती लिंपून टाकली.

सगुणाबाईंनी बकुळीचा हात धरला आणि त्या घरी निघाल्या. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली आणि त्यांना वाट करून दिली.

तात्पर्य काय, ते आता पाठ करून टाका, परीक्षेत येणार नाही पण उपयोगाला येईल: कुणी खायला आलं तर त्याच्याकडे दया मागत बसू नये. आपण त्याला फार स्वस्तात पडतोय, एवढंच चारचौघांत सांगावं.